पदवीदान समारंभाचा गाऊन, हूड आणि टोपी: नेमकं काय निवडायचं?

नवपदवीधर

नमस्कार मंडळी,

माझी एम.एस्सी. पूर्ण झाली आणि पुढच्या महिन्यात पदवीदान समारंभ आहे. विद्यापीठ ब्रिटिश धाटणीचं आहे. त्याच सुमारास धाकट्या बहिणीचा बी.ए.चा समारंभ एका अमेरिकी विद्यापीठात आहे, त्यामुळे घरात सध्या दुसरा विषय नाही.

गाऊनच्या नोंदणीचा अर्ज उघडला आणि गोंधळलो. 'मास्टर्स' या शब्दाखालीच पाच-सहा पर्याय आहेत आणि प्रत्येकाच्या हूडचा, म्हणजे गळ्यातून पाठीवर सोडायच्या रंगीत अस्तराच्या कापडाचा, रंग वेगळा. शिवाय बी.एस्सी.चा गाऊन आणि हूड मी नीट जपून ठेवला आहे, पण ती पदवी दुसऱ्या विद्यापीठाची. तो घातला तर चालेल का? बहिणीच्या गाऊनला पुढे चेन आहे, माझ्या विद्यापीठाच्या फोटोंत सगळ्यांचे गाऊन उघडे दिसतात. तिला हूडच दिलेला नाही, ती त्यामुळे हिरमुसली आहे. ऑनलाइन 'गाऊन-हूड-टोपी संच' स्वस्तात मिळतात, ते घ्यावेत का? आणि टोपीचं माप कसं घेतात?

समारंभ एकदाच होणार आहे. नीट व्हावा असं मनापासून वाटतं, म्हणून इतकं बारीक विचारतोय.

समारंभवाला

अभिनंदन, दोघांचंही! विद्यापीठाच्या पदवीदान विभागात बरीच वर्षं काम करतोय, त्यामुळे हे प्रश्न रोजच्या ओळखीचे आहेत.

आधी मुख्य गोष्ट. ज्या पदवीसाठी तुम्ही व्यासपीठावर जाणार, त्या पदवीचा आणि ती देणाऱ्या विद्यापीठाचाच पोशाख घालायचा. बी.एस्सी.चा हूड कितीही सुंदर असला तरी त्या दिवशी तो घरीच राहू द्या. तुम्ही समोर उभे राहिलात की हूडच्या आकारावरून, अस्तरावरून आणि काठावरून जाणकाराला कळतं, की हा अमुक विद्यापीठाचा अमुक पदवीधर. दुसऱ्या विद्यापीठाचा हूड घालून गेलात तर तो वेगळंच काहीतरी सांगत राहील.

याला अपवाद आहेत. ऑक्सफर्डमध्ये विद्यार्थी आधीच्या दर्जाचा गाऊन घालून समारंभाला येतात, पदवी मिळाल्यावर बाहेर जाऊन नवा गाऊन आणि हूड चढवतात आणि पुन्हा आत येतात. केंब्रिजमध्ये गाऊन सध्याच्या दर्जाचा, पण हूड मिळणाऱ्या पदवीचा. तुमच्या विद्यापीठात असं काही असेल तर समारंभाच्या सूचनापत्रात स्पष्ट लिहिलेलं असतं. ते पत्र शेवटपर्यंत वाचा. निम्मे लोक वाचत नाहीत, आणि मग समारंभाच्या सकाळी आमच्या टेबलासमोर रांग लागते.

अर्जातल्या पाच-सहा पर्यायांचं म्हणाल, तर पदवीचं नाव पत्रात जसंच्या तसं लिहिलं असेल तेच निवडा. एम.एस्सी., संशोधनावर आधारलेली एम.रेस., एम.फिल. आणि चार वर्षांच्या सलग अभ्यासक्रमातून मिळणारी एम.साय. या चारही 'मास्टर्स'च वाटतात, पण अनेक ठिकाणी त्यांचे हूड वेगवेगळे असतात. अंदाजाने रंग निवडू नका. शंका राहिली तर विभागाला एका ओळीची ईमेल करा, आणि उत्तर आल्यावरच पैसे भरा.

मोरपीस

बहिणीच्या प्रश्नाचं मी सांगते. मी अमेरिकेत पीएच.डी. केली आणि आता शिकवते.

अमेरिकेत बहुतेक विद्यापीठं एकाच संहितेच्या चौकटीत राहतात. गार्डनर कॉट्रेल लिओनर्ड नावाच्या तरुणाने १८८७ मध्ये विल्यम्स कॉलेजातल्या आपल्या वर्गासाठी गाऊन आखले, आणि पुढे १८९५ मध्ये कोलंबिया विद्यापीठात विद्यापीठांच्या प्रतिनिधींची बैठक होऊन सगळ्यांना लागू पडेल अशी संहिता ठरली. त्यात नंतर बदल झाले, पण सांगाडा तोच आहे.

बॅचलरचा गाऊन पुढून बंद ठेवायचा, बाह्या टोकदार. बहिणीच्या गाऊनला चेन आहे ती त्यामुळेच, आणि ती लावूनच ठेवायची. मास्टर्सची बाही लांब असते, हात मनगटाशी बाहेर येतो आणि बाहीचा मागचा भाग खाली लोंबत राहतो. डॉक्टरेटचा गाऊन घेरदार बाह्यांचा, पुढे मखमलीच्या दोन पट्ट्या आणि प्रत्येक बाहीवर तीन आडवे पट्टे.

हूडची लांबीही ठरलेली आहे: बॅचलर ३ फूट, मास्टर्स साडेतीन, डॉक्टरेट ४. मखमली काठाची रुंदी अनुक्रमे २, ३ आणि ५ इंच. काठाचा रंग विषय सांगतो, आतलं अस्तर विद्यापीठ सांगतं. कला शाखा पांढरी, विज्ञान सोनेरी पिवळं, कायदा जांभळा, वैद्यक हिरवं, अभियांत्रिकी नारिंगी, शिक्षणशास्त्र फिकट निळं, संगीत गुलाबी. पीएच.डी.ला मात्र विषय कोणताही असो, काठ गडद निळाच. माझ्या ओळखीतली एक रसायनशास्त्राची मुलगी सोनेरी पिवळ्या काठाचा हूड मागवून बसली होती, वेळेत लक्षात आलं म्हणून निभावलं.

आता हिरमुसण्याबद्दल. अमेरिकेत पुष्कळ विद्यापीठं बॅचलरला हूड देतच नाहीत. गाऊन, टोपी आणि गोंडा, एवढंच. तिचं काही कमी पडलेलं नाही, तिच्या वर्गात कुणालाच हूड नसेल. गळ्यात रंगीत दोऱ्या किंवा पट्टा घातलेली मुलं दिसतील, त्या गुणवत्तेच्या किंवा एखाद्या मंडळाच्या सदस्यत्वाच्या खुणा असतात. मिळालेली असेल तरच घालायची.

गवतफूल

गोंडा कोणत्या बाजूला? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

मोरपीस

अमेरिकी संहितेत त्याचा सक्तीचा नियम नाही. पदवी मिळेपर्यंत उजवीकडे आणि मिळाल्यावर डावीकडे, ही पुष्कळ विद्यापीठांनी स्वीकारलेली पद्धत आहे. सगळ्यांनी मिळून गोंडा सरकवण्याचा क्षण छान असतो. व्यासपीठावरून सूचना येते, तेव्हा इतरांबरोबर सरकवा.

समारंभवाला

ब्रिटिश पद्धतीत गोंड्याच्या बाजूला बहुतेक ठिकाणी अर्थ चिकटवलेला नाही. नवपदवीधर, त्याची काळजी तुम्ही करू नका. डोळ्यांवर येणार नाही एवढं बघा.

सुईदोरा

गाऊन शिवणं हा माझा व्यवसाय आहे, म्हणून मापांचं आणि कापडाचं मी लिहिते.

टोपीचं माप: शिवणाची मऊ टेप घ्या. भुवयांच्या वर साधारण अडीच सेंटिमीटर, कानांच्या किंचित वरून, डोक्याच्या मागच्या सगळ्यात फुगीर भागावरून फिरवून पुढे आणा. टेप टेकली पाहिजे, आवळायची नाही. समारंभाला केस जसे बांधणार तसेच बांधून माप घ्या. उंच अंबाडा बांधणार असाल तर ही टोपी बसणारच नाही, कारण तिची आतली बैठक डोक्यावर सपाट टेकायला हवी. मानेजवळ खाली बांधलेले केस या टोपीला सगळ्यात सोयीचे. चौकोनी फळी जमिनीला समांतर हवी. अनेक जण ती मागे कलती ठेवतात. फोटोत मग कपाळ पूर्ण उघडं दिसतं आणि टोपी आत्ता पडेल की मग असं वाटत राहतं.

गाऊनची लांबी पोटरीच्या मध्यापर्यंत. घोट्याच्या खाली गेला तर पायऱ्या चढताना पुढची कड पायाखाली येते, आणि व्यासपीठाला पायऱ्या असतातच. अर्जात उंची विचारतात ती चपला-बुटांशिवायची असते. खांदेही तपासा. ब्रिटिश गाऊन पुढून उघडा असल्यामुळे खांद्यावर बसला नाही तर चालताना सारखा मागे घसरतो.

विकत घेणार असाल तर गाऊन पाठीकडून बघा. मानेखालच्या जोडपट्टीला लागून बारीक, एकसारख्या, उभ्या चुण्या असतात. चांगल्या गाऊनमध्ये त्या हाताने ओढून घट्ट बसवलेल्या असतात, त्यामुळे कापड तिथून सरळ धारेने खाली पडतं. स्वस्त संचात तिथे चार मोठ्या घड्या घालून मशीन मारलेलं असतं आणि पाठीवर फुगा येतो. काळा रंग उजेडात, खिडकीशी नेऊन बघा. दिव्याखाली सगळेच काळे सारखे दिसतात, उन्हात एखादा हिरवट निघतो तर एखादा तपकिरी.

ऑनलाइन संचांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: टोपी एक वेळ चालेल, हूड अजिबात नाही. त्यातला हूड कुठल्याच विद्यापीठाचा नसतो, नुसता एक रंगीत पट्टा असतो.

चष्मिष्ट

सुईदोरा, फार सुरेख प्रतिसाद.

हूडचे आकार हा माझ्या आवडीचा विषय आहे, म्हणून थोडी भर. ब्रिटिश परंपरेत ढोबळ दोन घराणी आहेत. 'पूर्ण' हूडला तीन भाग असतात: खांद्यांवर पसरणारी झूल, मागे लोंबणारं टोपडं आणि त्याला जोडलेली लांब शेपटी. 'साध्या' हूडला झूल नसते. केंब्रिजचा हूड पूर्ण, ऑक्सफर्डचा नेहमीचा साधा. या पोशाखाचे अभ्यासक निकोलस ग्रोव्ह्ज यांनी या आकारांचं वर्गीकरण केलं आणि प्रत्येकाला अक्षर-आकड्याची खूण दिली, म्हणजे पूर्ण आकारांना एफ आणि साध्यांना एस. गाऊनलाही तसंच: बॅचलरच्या गाऊनला बी, मास्टर्सच्या गाऊनला एम. तुमच्या विद्यापीठाच्या नियमावलीत 'एफ१' किंवा 'एस१' असं काही दिसलं तर ते हेच. हा अभ्यास पुढे नेणारी बर्गन सोसायटी २००० साली स्थापन झाली.

हे कपडे मुळात आले ते मध्ययुगातल्या युरोपातल्या धर्मगुरूंच्या अंगावरून. तेव्हाची विद्यापीठं चर्चच्या छायेतच होती आणि शिकणारे बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या पायरीचे पाद्री. १२२२ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप स्टीफन लँग्टन यांनी इंग्लंडातल्या पाद्र्यांना बंद झगा घालायचा हुकूम दिला आणि तो ऑक्सफर्डच्या शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनाही लागू झाला. आजचा हूड तेव्हा खरोखर डोक्यावर ओढायचा होता, दगडी, थंडगार इमारतींमध्ये त्याची गरज होती. डोक्यावर टोपी आली तसा हूड पाठीवर उतरला आणि तिथेच खूण म्हणून राहिला.

धूमकेतू

मंडळी, मी वेगळं बोलतो, राग मानू नका. आठशे वर्षांपूर्वीच्या पाद्र्यांचा थंडीचा झगा आज आपण कशासाठी घालायचा? पदवी अभ्यासाने मिळते. जर्मनीत १९६७ साली हॅम्बुर्ग विद्यापीठात प्राध्यापकांची झगे घातलेली मिरवणूक निघाली, तेव्हा दोन विद्यार्थी पुढे फलक घेऊन चालले: झग्यांखाली हजार वर्षांचा कुबट वास. त्यानंतर तिथल्या अनेक विद्यापीठांतून झगे जवळजवळ हद्दपार झाले आणि कुणाच्या पदवीची किंमत कमी झाली नाही. भाड्याचा गाऊन अर्धा दिवस घालायला विद्यार्थ्याने पैसे का मोजायचे? हे मी गंभीरपणे विचारतो आहे.

निळाई

धूमकेतू, तुमचा प्रश्न रास्त आहे, पण उलट बाजूही बघा.

केंब्रिजमध्ये बायका एकोणिसाव्या शतकापासून शिकत होत्या, परीक्षाही देत होत्या, पण पदवी नाही. १८९७ मध्ये त्यावर मतदान झालं तेव्हा विरोधकांनी सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा रस्त्यावर टांगला, आणि प्रस्ताव पडला. १९०४ ते १९०७ या काळात डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या बायकांना आपली पदवी द्यायचं ठरवलं, तेव्हा शेकडो जणी बोटीने समुद्र ओलांडून केवळ त्यासाठी गेल्या. लोक त्यांना 'आगबोटीच्या बायका' म्हणू लागले. ऑक्सफर्डने १९२० साली दार उघडलं, केंब्रिजने थेट १९४८ साली. ज्यांना हा गाऊन नाकारला होता त्यांना त्याची किंमत पक्की माहीत होती.

आणि विद्यार्थ्यांचंच विचाराल तर ऑक्सफर्डमध्ये २०१५ मध्ये परीक्षेला गाऊन आणि गडद औपचारिक कपडे सक्तीचे ठेवावेत का यावर विद्यार्थ्यांचं मतदान झालं होतं. ७५ टक्क्यांहून अधिक जणांनी 'ठेवा' असं सांगितलं.

माझा अनुभव सांगते. मी घरातली पहिली पदवीधर. गाऊन अंगावर आल्यावर शेजारची, मागची, पुढची मुलं कुठल्या घरातून आली हे दिसेनासं झालं. आत कुणी महागडा सूट घातला होता, कुणी साधा सदरा. वरून सगळे सारखे. मला ते फार मोलाचं वाटलं.

धूमकेतू

हा मुद्दा मी नक्की लक्षात घेईन. सगळे सारखे दिसतात हे खरं आहे. पैशांचं मात्र मी मागे घेत नाही. विद्यापीठाने गाऊन सक्तीचा केला असेल तर ज्याला परवडत नाही त्याची सोय विद्यापीठानेच करावी.

समारंभवाला

पैशांबद्दल शंभर टक्के सहमत. आणि अशी सोय अनेक ठिकाणी असते, फक्त ती ठळकपणे लिहिलेली नसते. विद्यार्थी कल्याण विभागाकडे मदतनिधी असतो, काही विभागांकडे माजी विद्यार्थ्यांनी दिलेले गाऊन असतात. विचारायला संकोच करू नका. आमच्या खिडकीवर कुणी हलक्या आवाजात हा प्रश्न विचारला तर त्याचं काम सगळ्यात आधी होतं.

भाड्याने की विकत, याचं माझं गणित सोपं आहे. शिकवण्याच्या क्षेत्रात जाणार असाल आणि दरवर्षी मिरवणुकीत चालायचं असेल तर स्वतःचा गाऊन आणि हूड घ्या, तोही सर्वोच्च पदवी हातात आल्यावर. मधल्या पायरीचा घेऊन ठेवलात आणि पुढे डॉक्टरेट केलीत तर पहिला कपाटातच राहतो. बाकी सगळ्यांनी भाड्याने घ्यावा. नोंदणीची मुदत मात्र पाळा. मुदत उलटली की गाऊन मिळतो, पण तुमच्या मापाचा मिळेल याची खात्री नसते.

नवपदवीधर

केवढी माहिती! विभागाचं उत्तर आलं आहे. माझ्या एम.एस्सी.चा हूड 'साध्या' आकाराचा आहे आणि अर्जातला तिसरा पर्याय बरोबर. भाड्यानेच घेतोय.

दोन शंका उरल्या. आत काय घालावं? आणि मित्राने बजावलंय की हूड सारखा मागे सरकून गळ्याला काचतो, त्यावर उपाय?

निळाई

पुढे बटणांचा शर्ट घाला, हाच उपाय. हूडच्या पुढच्या टोकाला, गळ्याखाली येतो तिथे, एक छोटासा फास असतो. तो शर्टाच्या बटणात अडकवायचा की हूड जागचा हलत नाही. बिनबटणांचा, गोल गळ्याचा कपडा घातला तर हूडचं सगळं वजन मागे असल्यामुळे तो सरकत सरकत गळ्याशी येतो. माझ्या कपड्याला बटण नव्हतं म्हणून आतून आडवी पट्टी शिवून तिला सेफ्टी पिन लावली, पुढून काही दिसलं नाही. चार सेफ्टी पिना आणि केसांच्या काही पिना खिशात असू द्याच. स्वतःला लागल्या नाहीत तरी शेजारच्याला हमखास लागतात.

सुईदोरा

पिन लावताना हूडच्या रेशमी अस्तरातून घालू नका, छिद्र कायमचं राहतं. पट्टीच्या मागच्या काळ्या कापडातून घ्या.

हूडची पाठ दुसऱ्याकडून नीट करून घ्या, ते स्वतःला जमत नाही. अस्तराचा रंग बाहेर दिसेल असा टोपड्याचा भाग हलकेच उलटवायचा असतो. तसाच मिटलेला राहिला तर मागून नुसतं काळं दिसतं.

आत हलकं आणि सुती घाला. बहुतेक भाड्याचे गाऊन पॉलिएस्टरचे, त्यात हवा खेळत नाही, आणि सभागृहात तासन्‌तास बसायचं असतं. कॉलरचा पांढरा शर्ट हूडच्या रंगाला उठाव देतो. आपला पारंपरिक पोशाखही बहुतेक ठिकाणी चालतो, फक्त खांद्यावर जाड जर किंवा मोठं पदक नको, गाऊन त्यावर बसत नाही. गाऊनला सुरकुत्या असतील तर न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफेत टांगून ठेवा. इस्त्री करायचीच झाली तर उलट्या बाजूने, वर सुती कापड टाकून, मंद आचेवर. मखमलीला इस्त्री कधीच नाही.

समारंभवाला

बुटांकडे फार कुणी लक्ष देत नाही. तुम्ही व्यासपीठावर, छायाचित्रकार खाली. त्याच्या चौकटीत गाऊनच्या खालची पोटरी आणि बूट सगळ्यात आधी येतात. गडद, घरात वापरून सवय झालेले बूट घाला. नवी उंच टाच आणि गुळगुळीत व्यासपीठ ही जोडी टाळा.

मास्टर्सचा ब्रिटिश गाऊन पहिल्यांदा घालताना लोक हात बाहीच्या टोकातून बाहेर काढायला जातात. ते टोक बंद असतं. हात कोपराजवळच्या फटीतून काढायचा आणि उरलेली बाही तशीच खाली सोडायची. त्या बंद टोकात रुमाल आणि चष्म्याचं घर आरामात मावतं, आमचे प्राध्यापक वर्षानुवर्षं तेच करतात. फोन मात्र ठेवू नका, चालताना गुडघ्यावर आपटतो.

चष्मिष्ट

टोपी असतेच असं मात्र धरून चालू नका. एडिनबर्ग विद्यापीठात पदवीधर चौकोनी टोपी घालत नाहीत. तिथे एकच जुनी, मऊ टोपी आहे आणि ती प्रत्येकाच्या डोक्यावर क्षणभर टेकवतात. ती सोळाव्या शतकातले स्कॉटिश धर्मसुधारक जॉन नॉक्स यांच्या किंवा विद्वान जॉर्ज ब्युकॅनन यांच्या विजारीच्या कापडाची आहे अशी दंतकथा आहे. विद्यापीठाचे माजी विद्यार्थी, अंतराळवीर पिअर्स सेलर्स यांनी अवकाशात नेलेलं बोधचिन्ह २००६ मध्ये त्या टोपीत बसवलं. फिनलंडमध्ये डॉक्टरेट मिळवणाऱ्यांना उंच टोपी आणि चक्क तलवार मिळते. इटलीत पदवीधराच्या डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट. म्हणजे योग्य पोशाख कोणता, याचं उत्तर प्रत्येक वेळी विद्यापीठाच्या दारातच शोधावं लागतं.

गवतफूल

माझी मैत्रीण हिजाब घालते. तिने चौकोनी टोपी कशी घालावी?

निळाई

टोपी न घालण्याची मुभा बहुतेक विद्यापीठं देतात, फेटा-पगडीवाल्यांनाही. आधी कळवलेलं बरं. घालायची असेल तर तिने त्या दिवशी हिजाब पातळ कापडाचा आणि डोक्यावर सपाट बांधावा, आणि माप हिजाबवरूनच घ्यावं. टोपीच्या आतल्या पट्टीला दोन्ही कानांशी एकेक पिन पुरते.

टोपी हवेत फेकण्याचं म्हणाल तर भाड्याची असेल तर नकोच. फळीचे कोपरे टणक असतात, खाली येताना डोळ्याला लागू शकतात. अमेरिकेच्या नौदल अकादमीत १९१२ पासून टोप्या फेकतात, पण त्या नाविकांच्या पांढऱ्या टोप्या.

कवडसा

उशिरा आलो, पण माझाही प्रश्न इथेच बसतो. डॉक्टरेट एका विद्यापीठाची, शिकवतो दुसऱ्या ठिकाणी. यंदा पहिल्यांदाच प्राध्यापकांच्या मिरवणुकीत चालायचं आहे. कोणत्या विद्यापीठाचा पोशाख?

मोरपीस

ज्याने डॉक्टरेट दिली त्याचा. नोकरी कुठे आहे याच्याशी संबंध नाही. म्हणून तर प्राध्यापकांची मिरवणूक इतकी रंगीबेरंगी असते: एकाच विभागातले चार जण चार रंगांत चालतात. एका वेळी हूड एकच, सर्वोच्च पदवीचा.

समारंभवाला

आणि ब्रिटिश डॉक्टरेट असेल तर विचारून घ्या की समारंभ पूर्ण पोशाखाचा आहे की साध्या. पूर्ण म्हणजे बहुधा किरमिजी किंवा लाल गाऊन आणि गोल मखमली टोपी, साध्यात काळा गाऊन. पदवीदानाला सहसा पूर्णच. टोपी मखमलीची असेल तर घडी घालू नका, डब्यातच आणा.

पायवाट

इतका वेळ नुसतं वाचत होतो. मी व्हीलचेअर वापरतो, माझाही समारंभ जवळ आला आहे. गाऊन चाकात अडकेल याची धास्ती वाटते, आणि हूड तर पाठीमागे दबून कुणाला दिसणारच नाही.

समारंभवाला

पायवाट, विभागाला आजच कळवा. व्यासपीठावर उतार आहे का, नाव पुकारल्यावर कुठल्या बाजूने यायचं, हे आधी एकदा प्रत्यक्ष जाऊन बघू द्या असं सांगा. हा तुमचा हक्क आहे, कुणी उपकार करत नाही. छायाचित्रकारालाही सांगून ठेवायला लावा, म्हणजे तो तुमच्या उंचीला कॅमेरा आणेल.

सुईदोरा

गाऊन उभ्या उंचीच्या मापाने मागवू नका. बसल्यावर खांद्यापासून आसनापर्यंत आणि तिथून गुडघ्याच्या थोडं खाली, असं माप घेऊन त्या लांबीचा मागवा, तो नेहमीच्या मापापेक्षा बराच आखूड येईल. बाह्यांची लोंबती टोकं मांडीवर घ्या आणि आतून एकेक पिन लावा, चाकाकडे जाणार नाहीत. गाऊनची मागची कड आसनावर बसायच्या आधी दोन्ही बाजूंनी आत घ्या.

हूड पाठीला टेकू द्यायचा नाही. खुर्चीची पाठ कमी उंचीची असेल तर तो तिच्यावरून मागे बाहेर सोडा, अस्तर वर येईल असा, म्हणजे मागच्या रांगांना तोच दिसेल. पाठ उंच असेल तर एका खांद्यावरून थोडा पुढे ओढून घ्या, रंग समोरून दिसेल. आणि मिळालेला गाऊन तरीही लांब निघाला तर आतून दुमडून कच्चा टाका घाला, पण कात्री लावू नका, तो परत द्यायचा आहे. लांब टाके घातले की समारंभानंतर एका ओढीत निघतात.